सिकलसेल मुलाला, पण बदललंय सगळं घर

प्रश्न: आमचा मुलगा सात वर्षांचा आहे, सिकलसेल एसएस, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. आम्ही मूळचे चंद्रपूरकडचे, मिस्टर चाकणला कंपनीत आहेत म्हणून मोशीला राहतो. मुलाची औषधं, लसी, तपासण्या सगळं वेळेवर चालू आहे. पण घर हातातून सुटत चाललंय असं वाटतं. मी नोकरी सोडली. मिस्टर सतत ओव्हरटाइम घेतात, घरी आले तरी बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. आणि अकरा वर्षांची मुलगी गप्प गप्प असते, बाई म्हणतात तिचं वर्गात लक्ष नसतं. मी काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही मुलाच्या तब्येतीबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि बाकी सगळं घराबद्दल. त्याच्या उपचारांची बाजू तुम्ही घट्ट धरून ठेवलीय हे त्यावरूनच दिसतं. पुण्यात रक्तविकार असलेल्या मुलांच्या कुटुंबांसोबत मी समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. विदर्भातून, नंदुरबारकडून कामासाठी इकडे आलेल्या कितीतरी घरांत मी हेच चित्र पाहते. गावाकडे निदान शेजारीपाजारी कुणाला तरी ‘सिकलसेल’ म्हटलं की कळतं. इथे सोसायटीत कुणी नाव ऐकलेलं नसतं, माहेर बारा-चौदा तासांवर, आणि सगळा भार एका बाईवर येतो.

म्हणून आधी मूळ मुद्दा सांगते. या आजाराची माहिती आणि या आजाराची कामं, दोन्ही तुमच्या एकटीकडे साचली आहेत. मिस्टरांचा अबोला, सासूबाईंचं बोलणं, मुलीचं गप्प राहणं या तुम्हाला तीन वेगळ्या तक्रारी वाटत असतील. मला त्यांचं मूळ एकच दिसतं. घरात मोठं काहीतरी चाललंय, पण ते नेमकं काय आणि आपण त्यात काय करायचं, हे तुमच्याशिवाय कुणालाच नीट ठाऊक नाही. ज्याला ठाऊक नसतं तो कामात तोंड लपवतो, नाहीतर दोष शोधतो, नाहीतर मनातल्या मनात कुढतो.

सासूबाईंपासून सुरू करू. ‘आमच्यात नव्हतं’ हे त्यांच्या दृष्टीने खरंच आहे. वाहक माणसाला, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या, ज्याला आपण एएस म्हणतो त्याला, सहसा काही त्रास होत नाही. तो शेतात राबतो, म्हातारा होतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला जन्मभर कळत नाही. हा गुण पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आला. ज्या भागात मलेरियाने माणसं मरत होती तिथे वाहक मुलं मलेरियाच्या जीवघेण्या आजारातून जास्त वाचली, म्हणून गडचिरोली-चंद्रपूरपासून सातपुड्यापर्यंतच्या पट्ट्यात तो टिकून राहिला. तुमच्या मुलाला एक जनुक तुमच्याकडून आलं आणि एक त्याच्या बाबांकडून. दोघांकडून आल्याशिवाय एसएस होतच नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्ही जनुकं चांगली येण्याची २५ टक्के असते. हा हिशेब दर वेळी नव्याने लागतो. एका मुलाला झालं म्हणजे पुढची मुलं सुटली, असं होत नाही.

हे तुम्ही स्वतः सासूबाईंना समजावायला जाऊ नका. सुनेच्या तोंडून ते वकिली वाटतं. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना तुमचे दोघांचेही एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या रक्ततपासणीचे, रिपोर्ट त्यांच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. त्यांची किंवा सासऱ्यांची तपासणी मात्र ‘कुणाच्या बाजूने आलं’ हे सिद्ध करायला करू नका. काही घरांत असं झालेलं मी पाहिलं आहे. त्याने मुलाच्या उपचारात तसूभर फरक पडत नाही आणि भांडणाला कागदी पुरावा तेवढा मिळतो.

मग त्यांना काम द्या. कामासारखं माणसाला घरात सामावून घेणारं दुसरं काही नाही. त्याच्या पाण्याची जबाबदारी त्यांची. अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशी आकार बदलून अडकतात आणि दुखणं सुरू होतं. त्याचं वजन वीस किलोच्या आसपास असेल तर दिवसाला दीड लिटर तरी पोटात जायला हवं, उन्हाळ्यात आणि तापात जास्त. पाणी, ताक, लिंबूसरबत, पेज, वरणाचं पाणी हे आजीच्या हातून जितक्या सहज जाईल तितकं आपल्या हातून जात नाही. सोबत एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. याचं हिमोग्लोबिन ७ ते ९ असणं हे या आजारात नेहमीचं आहे. ‘रक्त कमी आहे’ म्हणून कुणी लोहाचं टॉनिक सुचवलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. याच्या पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी दिसतं, लोह कमी असेलच असं नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी वाटतात, तिच्याबद्दलही डॉक्टरांचा निरोप वर्गशिक्षिकेपर्यंत पोचवा.

आता मिस्टरांचं. त्यांचा ओव्हरटाइम हा पळ काढणं आहे असं तुम्हाला वाटत असेल, आणि थोडाफार असेलही. पण आमच्याकडे येणारे बहुतेक बाप एकदा बोलते झाले की सांगतात, ‘मला दुसरं काय करता येतं? पैसे तरी आणतो.’ बाळाच्या दुखण्यापुढे आपण काहीच करू शकत नाही ही भावना पुरुषांना फार खाते आणि ती बोलायची रीत आपल्याकडे नाही. त्यावर ‘जरा बोलत जा’ म्हणून उपयोग होत नाही. त्यांना आजारातलं एक आख्खं काम सोपवावं लागतं. माझं सुचवणं असं की ओपीडीची तपासणी त्यांची. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असताना रक्तातल्या पेशींची मोजणी ठरावीक अंतराने करावीच लागते. त्या दिवशी रजा त्यांनी टाकायची, मुलाला त्यांनी न्यायचं, डॉक्टरांशी त्यांनी बोलायचं. तुम्ही घरी राहायचं. पहिल्यांदा ते दोन प्रश्न विचारायचे विसरतील. विसरू द्या.

त्यात त्यांचा एक गैरसमजही दूर होईल. या औषधाच्या वेष्टणावर किंवा मोबाइलवर ‘कॅन्सरचं औषध’ असं वाचून कितीतरी घरांत बापाने किंवा काकाने ते परस्पर बंद करायला लावलेलं आहे. हे औषध मुलाच्या अंगात जन्माआधीच्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं. त्याने पेशी कमी वाकतात, दुखण्याच्या पाळ्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात. आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, गोळीची काय गरज, असंही कुणी सांगेल. विदर्भातली मुलं जवळून पाहिलेला कुणी असं म्हणणार नाही.

डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा वाढली आहे का हे पाहायला डॉक्टरांनी तुम्हाला शिकवलं असेल. ते मिस्टरांनाही शिकवायला सांगा. रात्री दमून आलेला बाप मुलाला कुशीत घेऊन पोटावर हात ठेवतो आणि मुलाला गुदगुल्या होतात. तपासणी तेवढ्यात होते आणि बाप-लेकाची रोजची एक भेटही. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा: निदान, रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन, वजन, औषधांचे डोस, आपल्या डॉक्टरांचा नंबर. त्याखाली, कधी थांबायचं नाही ते. ताप १०१ च्या वर. छातीत दुखणं किंवा धाप. एकाएकी पांढरा पडणं आणि पोट फुगणं. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं. लिंग ताठ राहून दुखणं, जे मुलगे लाजेने सांगत नाहीत. यातलं काहीही झालं तर रात्रीचे किती वाजलेत ते पाहायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा गाडी काढायची. हा कागद घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वाचता आला पाहिजे. कारण एके दिवशी तुम्हालाच ताप येईल, आणि पुण्यातल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत सिकलसेल रोज पाहणारा डॉक्टर असतोच असं नाही. तिथे समजावून सांगणारं माणूस घरचंच लागतं.

आता मुलीकडे येते. मला सगळ्यांत जास्त काळजी तिची वाटते.

दुखणं आलेली रात्र आठवा. दोन वाजलेत, लेकरू गुडघे पोटाशी घेऊन कण्हतंय, तुम्ही एका हाताने गरम पाण्याची पिशवी धरलीय आणि दुसऱ्या हाताने औषधाची बाटली उघडताय. सासूबाई देवाचं नाव घेतायत. त्याच खोलीत दुसऱ्या गादीवर चादर डोक्यावरून ओढून मुलगी पडलेली असते. ती झोपली आहे असं सगळे समजतात. ती झोपलेली नसते. आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक बहिणीने, भावाने मला हेच सांगितलंय की त्यांना सगळं ऐकू येत असतं. सकाळी मात्र तिचा डबा भरला जातो, ‘आवर पटकन’ म्हटलं जातं आणि ती शाळेत जाते. वर्गात लक्ष कुठून लागणार? ती अर्धी रात्र जागी आहे.

आणि तिला कुणी काही सांगितलेलं नसेल तर तिने स्वतःचं उत्तर बनवलेलं असतं. ‘काल मी त्याला ढकललं म्हणून त्याचा पाय दुखला.’ ‘मलाही हे होणार.’ ‘तो मरणार आहे आणि मला सांगत नाहीत.’ अकरा वर्षांची मुलगी हे सगळं एकाच वेळी मनात बाळगू शकते आणि तोंडाने एक शब्द काढत नाही, कारण आई आधीच रडकुंडीला आलीय हे तिला दिसत असतं.

तिला बसवून सांगा. असं काहीसं: ‘त्याच्या रक्तातल्या पेशी कधीकधी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसेत अडकतात, म्हणून त्याला दुखतं. हे तुझ्यामुळे होत नाही, त्याच्यामुळे होत नाही, आमच्यामुळेही नाही. हे संसर्गाने लागत नाही. औषध चालू आहे. कधीकधी दवाखान्यात राहावं लागेल, तेव्हा तुझ्याजवळ कोण असेल ते मी तुला आधीच सांगेन.’ शेवटचं वाक्य विसरू नका. भाऊ ॲडमिट झाला की तिचं जेवण कोण देणार, तिला शाळेत कोण सोडणार, ती कुणाजवळ झोपणार, हे घडायच्या आधी ठरलेलं तिला हवं असतं. आणि तिने ‘तो मरेल का?’ असं विचारलं तर विषय बदलू नका. हा गंभीर आजार आहे, म्हणूनच आपण ताप आल्याबरोबर धावतो, आणि औषधं घेऊन मोठी झालेली, शिकलेली, कामाला लागलेली माणसं आहेत, हे खरं आहे आणि तेच सांगावं.

तिला राग येऊ द्या. ‘मलापण आजारी पडायचंय’ असं बहिणी म्हणतात, आणि घरातले अंगावर धावून जातात. ती आजार मागत नसते, तुम्हाला मागत असते. आठवड्यातला एक तास फक्त तिचा ठेवा. आळंदीला घाटावर जाऊन बसा, भाजीला तिला एकटीला सोबत न्या, काहीही. त्या तासात भावाचा विषय तिने काढला तरच काढायचा. आणि तिला दुसरी आई बनवू नका. ‘ताई आहेस ना, समजून घे’ हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हटलं जातं याकडे लक्ष द्या. त्याची बाटली भरणं एवढं काम द्यायला हरकत नाही. रात्री त्याच्यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम नाही.

एक बारीकशी गोष्ट विचारते, कारण ती सहसा कुणी आपणहून सांगत नाही. मुलगा अजून अंथरूण ओलं करतो का? या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते, त्यामुळे लघवी जास्त होते आणि शाळेत जाणारी मुलंही रात्री गादी ओली करतात. भावंडं एका अंथरुणात असली की भांडणाचं हे मोठं कारण असतं, आणि मुलगी मैत्रिणींना घरी बोलावत नाही. त्याला रागावू नका, आणि कुणी सांगितलं तरी संध्याकाळचं पाणी तोडू नका, त्यातून दुखणं ओढवतं. दोघांची अंथरुणं वेगळी करा, त्याच्या गादीवर रबरी चादर घाला, रात्री एकदा उठवा, आणि कारण मुलीलाही सांगा. कारण कळलं की चिडवणं बरंच कमी होतं.

तिची तपासणी झाली आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीत. झाली नसेल तर एकदा एचपीएलसी करून घ्या. एसएस असूनही कमी त्रासामुळे न सापडलेली मुलं असतात. ती वाहक निघाली तर तिला औषधाची गरज नाही, खेळायची बंदी नाही. फक्त पुढे लग्न ठरवताना जोडीदाराची तपासणी करायची. तीही नुसती सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी नव्हे, एचपीएलसीच, कारण समोरचा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मुलाला सिकलसेलचा आजार होऊ शकतो. ‘बाहेर कळलं तर हिचं लग्न कसं होणार’ ही भीती घरात असणारच. माझं मत ठाम आहे: रिपोर्ट नातेवाइकांना सांगायची काही गरज नाही, पण तिच्यापासून लपवायचा नाही. तो तिचा आहे.

पुढच्या मुलाबद्दल. सासरकडून किंवा कुणा हितचिंतकाकडून ‘अजून एक होऊ द्या, त्याचा बोनमॅरो याला चालेल’ असं ऐकायला मिळालं असेल. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि प्रत्यारोपणाचे स्वतःचे धोके असतात. मूल हवं असेल तर ते मूल हवं म्हणून व्हावं. हवंच असेल तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. १० ते १२ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाला एसएस आहे का हे कळतं. त्यानंतर काय करायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं आणि जमलं तर तपासणीच्या आधीच बोलून ठेवायचं. या भीतीपायी कितीतरी जोडपी एकमेकांपासून लांब झोपतात आणि आजाराचं नाव पुढे करतात. खात्रीचं गर्भनिरोधन हाही या आजाराच्या समुपदेशनाचाच भाग आहे, विचारायला संकोच करू नका.

मुलाच्या शाळेचं थोडक्यात. बाटली बाकावर ठेवायची परवानगी, लघवीला केव्हाही जाण्याची परवानगी, उन्हात उभं करणं किंवा मैदानाला फेऱ्या मारायला लावणं नाही, डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या थंडीत स्वेटर-कानटोपी, गार पाण्यात पोहणं नाही. दुखतंय म्हणाला तर ‘नाटक’ म्हणायचं नाही. दुखणं बाहेरून दिसत नाही, म्हणून हे शेवटचं सगळ्यांत कठीण जातं, आणि घरातही जातं. डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घ्या. पण त्याला काचेच्या कपाटात ठेवू नका. खेळू द्या, दमला की थांबू द्या.

कागदपत्रं मिस्टरांकडे सोपवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एसटीच्या प्रवासात सिकलसेल रुग्णांना सवलत आहे, आणि सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं.

तुमच्याबद्दल तुम्ही फक्त ‘नोकरी सोडली’ एवढंच लिहिलंत. ती कायमची सुटली असं धरू नका. पाण्याचं काम आजीकडे आणि ओपीडी बाबांकडे गेली की अर्ध्या दिवसाचं काम शोधता येईल. तोवर झोप पुरी करा. दुखण्याच्या रात्री दोघांनी वाटून घ्या, अर्धी तुम्ही, अर्धी ते, दुसऱ्या दिवशी शिफ्ट असली तरी. सारखं रडू येत असेल, काही नकोसं वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सुरुवात अशी करा: पुढच्या ओपीडीच्या दिवशी मिस्टर आणि सासूबाई मुलाला घेऊन जातील, त्याच दिवशी तुम्ही मुलीच्या शाळेत जा. आधी तिला विचारा की बाईंना भावाबद्दल सांगितलं तर चालेल का. चालेल म्हणाली तर सांगा, आणि दुखण्याच्या रात्रीनंतर तिला गृहपाठाची सूट द्या अशी विनंती करा. महिना-दीड महिन्यात ती खायला-बोलायला लागली नाही, झोप आली नाही, किंवा पोट-डोकं दुखतं म्हणून शाळा बुडवायला लागली, तर तिला मुलांच्या समुपदेशकाकडे घेऊन या. भावाच्या तपासणीला जोडून नको. तिची वेळ वेगळी घ्या.